आभारानंतरचा प्रश्न

शुक्रवारी दुपारपर्यंत नाजियानं सात खेळाडूंच्या मुलाखती घेतल्या होत्या, आणि सातही जणांनी तिला एकच उत्तर दिलं होतं.

शेलूबाजारला तीन दिवसांच्या बॉक्सिंग स्पर्धा होत्या. बाजाराच्या पत्र्याच्या शेडखाली अकोल्याहून आणलेली रिंग उभी केली होती, भोवती लग्नातल्या लाल खुर्च्या, आणि एका कोपऱ्याला हरीओमचा कॅमेरा. अडाण नदीच्या नावाच्या अडाण चॅनलचा मालक, कॅमेरामन आणि जाहिराती गोळा करणारा असे तिघेही हरीओमच होता. आसपासच्या गावांत त्याचं चॅनल केबलवर दिसायचं आणि मोबाइलवरही लाइव्ह चालायचं. माइक धरायला त्याला कोणीतरी स्वच्छ बोलणारं हवं होतं. नाजिया बी.एस्सी. झालेली, सकाळी नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायची. तिचा आवाज बारीक होता, पण शब्द न् शब्द सुटा ऐकू यायचा.

काम सोपं होतं. जिंकलेला खेळाडू दोरांतून खाली उतरला की त्याच्यापुढे माइक धरायचा आणि विचारायचं, "कसं वाटतंय?" की गाडी सुरू. "सर्वप्रथम मी स्पर्धेचे आयोजक, आमचे मार्गदर्शक जगदेव सर, गावचे सरपंच, आमचे आधारस्तंभ पवनभाऊ, अडाण चॅनल आणि माझे आईवडील यांचे मनःपूर्वक आभार मानते आणि हा विजय माझ्या गावाला अर्पण करते."

यातलं काहीही खेळाडूंना त्या क्षणी सुचत नसे. जगदेव सर रिठदला ग्रामपंचायतीच्या एका जुन्या गोदामात मुलामुलींना बॉक्सिंग शिकवायचे, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक पठ्ठ्या जिंकल्यावर कॅमेऱ्यासमोर सरपंचाचं नाव घ्यायला विसरला होता. दुसऱ्या दिवशी गोदामाला कुलूप लागलं, ते तीन आठवड्यांनी उघडलं. तेव्हापासून सरांनी नियमच घातला. दोरीवरच्या उड्या झाल्या की आभार, ठोशांचा सराव झाला की आभार, दम लागून छाती भात्यासारखी हलत असताना आभार. एक नाव चुकलं तर वीस बैठका. सरांचं पाहून बाकीच्या प्रशिक्षकांनीही आपापल्या याद्या करून घेतल्या होत्या, नावं तेवढी वेगळी.

नाजियाला बॉक्सिंगची गोडी लागली ती वडिलांमुळे. जमशेदभाईंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेला संच नीट चालतो का, हे पाहायला ते नेहमी बॉक्सिंगच लावत, आणि ग्राहक आला तरी लढत संपेपर्यंत संच मिळत नसे. लहानपणापासून तिथं बसून नाजियानं शेकडो लढती पाहिल्या. ठोसे विसरायला झाले, पण लढतीनंतरच्या मुलाखती तिच्या डोक्यात राहिल्या, कारण त्या तिला खटकायच्या. मागच्या हिवाळ्यात तिनं मोबाइलवर मोठमोठ्या चॅनलांच्या चाळीस मुलाखती लागोपाठ पाहिल्या आणि वहीत नोंद केली. चाळीसपैकी एकतीस ठिकाणी पहिला प्रश्न हा प्रश्नच नव्हता. "तुला किती अभिमान वाटत असेल", "आई आठवली असेल ना आज", असं उत्तर आधीच भरून दिलेलं असायचं, खेळाडूनं फक्त मान हलवायची. हरलेल्याला तर चौतीस वेळा कोणी काही विचारलंच नव्हतं. समोर असा माणूस उभा आहे, ज्यानं नऊ मिनिटं सगळ्यात जवळून काहीतरी पाहिलंय. आणि आपण त्याला विचारतो काय, तर कसं वाटतंय.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर तिनं स्वतःसाठी एकच नियम लिहिला होता. खेळाडूला जे दिसलं आणि मला दिसू शकलं नाही, तेच विचारायचं.

शुक्रवारच्या लढती संपल्यावर ती हरीओमला म्हणाली, "हरीओमभाऊ, उद्यापासून मी आभार झाले का एक प्रश्न इचारीन."

हरीओम वायरी गुंडाळत होता. "आभार झाले का मंग रायतेच काय?"

"खेळ."

"खेळ तं लोकायनं पाह्यला ना वं. मीच दाखवला."

"भायेरून पाह्यला. आतून कसा होता थे फक्त खेळणाऱ्यालेच माईत."

"तू प्रोफेसर होऊन जा," हरीओम हसला. मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, "एक. एकच इचारजो. तीस सेकंद. आन मांगं पवनभाऊच्या कृषी केंद्राचं बॅनर दिसलं पायजे."

शनिवारी दुपारी चौपन्न किलो वजनाच्या मुलींची उपांत्य फेरी होती. निळ्या कोपऱ्यात जगदेव सरांची वर्षाराणी. एकोणीस वर्षांची, उंच, हाडापेरानं मजबूत. आदल्या दिवशी तिनं यवतमाळच्या एका डावखुऱ्या मुलीला हरवलं होतं. आज समोर अमरावतीची मुलगी होती, उजव्या हाताची, बुटकी आणि चिवट. उद्या अंतिम फेरी जिंकणारी थेट राज्याच्या निवड शिबिराला जाणार होती, आणि त्या शिबिरासाठी वर्षाराणी दोन वर्षं पहाटे उठून धावत होती, हे रिठदच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पहिली फेरी बरोबरीची झाली. दुसरीत दोघी दोरांना भिडल्या, नाजियाला अमरावतीच्या मुलीची पाठ तेवढी दिसली, आणि पत्र्याखाली गलका झाला. तिसऱ्या फेरीत वर्षाराणीनं डोक्याकडचे ठोसे सोडून दिले आणि पोटावर असे सपासप हात चालवले की पाचपैकी चार पंचांनी तिच्या बाजूनं कौल दिला. रिंगजवळच्या टेबलापाशी बसलेल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाव विचारलं, गाव विचारलं, वार विचारला. वर्षाराणी, रिठद, शनिवार. डॉक्टरांनी मान डोलावली आणि तिला सोडलं.

ती माइकसमोर आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. आभारांची यादी तिनं एका दमात, एकही नाव न चुकता म्हटली. मागे उभ्या जगदेव सरांनी समाधानानं मान हलवली. हरीओम कॅमेरा वळवणार तोच नाजियानं विचारलं, "वर्षाराणी, तिसऱ्या फेरीत तू डोकं सोडून पोटाकडे वळलीस. समोरचीत तुला असं काय दिसलं?"

वर्षाराणीनं तिच्याकडे पाहिलं. मग छान, मोकळं हसली. "थे डावखुरी हाये ना ताई. तिचा उजवा पाय पुढं रायते. म्हून मी तिच्या पायाच्या भायेरून फिरून राह्यली होती."

नाजियानं माइक तसाच धरून ठेवला. "आजची लढत म्हणतेस ना तू?"

"हो ना. आजचीच. यवतमाळची."

खुर्च्यांमधून कोणीतरी ओरडलं, "अवं पोरी, अमरावतीची होती थे." पत्र्याखाली हशा पिकला. वर्षाराणीही त्यांच्याबरोबर हसली. हरीओमनं हातानं कात्री चालवल्यासारखी खूण केली, बॅनर दाखवलं आणि लाइव्ह बंद केलं.

पाच मिनिटांत जगदेव सर आले. सर कधी आवाज चढवत नसत. दातांवर दात ठेवून बोलत.

"मॅडम, पोट्टी मार खाऊन, जिंकून आली, आन तुमी तिची परीक्षा घेऊन राह्यल्या का? सारा जिल्हा हासून राह्यला तिच्यावर."

"सर, तिले कोनासंग खेळली थे आठवत नाई."

"कॅमेऱ्यापुढं भल्याभल्याची बोबडी वळते. तुमी अवघड इचारलं, थे घाबरली. बस."

"घाबरली असती तं आभार चुकले असते."

"थे पाठ हायेत तिले," सर म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळच्या आत ती चित्रफीत गावागावांच्या गटांवर फिरली. खाली लिहिलं होतं, 'कोणाले मारलं थेच माईत नाई', आणि पुढे हसणारे चेहरे. एका शिकवणीच्या मुलानं नाजियालाच ती पाठवली. आपल्या प्रश्नानं त्या मुलीचं हसं झालं, हे नाजियाला लागलं. पण लागलं म्हणून ती थांबली नाही. हरीओमकडून तिनं सगळ्या लढतीची नक्कल घेतली आणि वडिलांच्या दुकानात नुकत्याच दुरुस्त झालेल्या मोठ्या टीव्हीवर लावली. जमशेदभाईंनी पेचकस खाली ठेवला आणि स्टूल ओढून बसले.

दुसरी फेरी तिनं थांबवत थांबवत, पुन्हा पुन्हा पाहिली. हरीओमचा कॅमेरा तिच्या समोरच्या कोपऱ्यात होता, त्यामुळे तिला न दिसलेलं त्याला दिसलं होतं. दोरांपाशी अमरावतीच्या मुलीचा उजवा हात वळसा घेऊन आला आणि वर्षाराणीच्या कानाच्या वर बसला. रिंगमधला पंच त्या वेळी दुसऱ्या अंगाला होता. वर्षाराणीचे गुडघे क्षणभर सैल पडले आणि पुन्हा ताठ झाले. घंटा वाजल्यावर ती दोन पावलं समोरचीच्या लाल कोपऱ्याकडे चालली. मग सरांची हाक आली तशी वळली.

"लेकिन तीसरे राउंड में तो अच्छा लड़ी," जमशेदभाई म्हणाले.

"हाथों को याद था, अब्बा. ज़बान को भी याद है." नाजियानं चित्र थांबवलं. "रोज़ का है ना दोनों."

ती विचार करत बसली. दोन शक्यता होत्या. एक, सर म्हणतात तसं, मुलगी कॅमेऱ्याला बिचकली. दुसरी, डोक्याला मार बसलाय आणि त्यानंतरचा वेळ तिच्या आठवणीत नीट उतरलेलाच नाही. दोन्हींत उत्तर चुकणारच. मग फरक कुठं पडेल? बिचकली असेल तर कॅमेरा हलल्यावर तिला सगळं आठवायला हवं. म्हणजे कॅमेऱ्याशिवाय पुन्हा विचारायला हवं. आणि दुसरी शक्यता खरी असेल तर तिनं उद्या रिंगमध्ये उतरता कामा नये, कारण बरं न झालेल्या डोक्यावर पुन्हा तसाच ठोसा बसला तर काय होतं, हे नाजियानं वाचलं होतं, आणि एकदा याच दुकानात, याच स्टुलावर बसून पाहिलंही होतं. त्या लढतीनंतर मुलाखत झालीच नव्हती.

तिनं सरांना फोन लावला. "तिच्या डोक्याले मार लागला हाये सर, माह्याजवळ चित्र हाये," एवढं ती बोलली. सर म्हणाले, "पोट्टीले आराम करू द्या," आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तेव्हा बंद होता.

रविवारी सकाळी सातला ती मंगल कार्यालयात पोचली. बाहेरगावच्या मुली तिथं उतरल्या होत्या. वर्षाराणी भिंतीकडच्या गादीवर आडवी होती, डोळ्यांवर ओढणी घेऊन. शेजारी तिची आई तुळसाबाई बसली होती. पहिल्या गाडीनं रिठदहून डबा घेऊन आलेली, आणि डबा तसाच बांधलेला.

"खाल्लं नाई का तिनं?"

"सकायी ओकली," तुळसाबाई म्हणाली. "कालचं ऊन बाधलं. उजेडही सहन होऊन नाई राह्यला."

आवाज ऐकून वर्षाराणीनं ओढणी बाजूला केली, डोळे बारीक केले, आणि ओळख पटताच उठून बसली. "नाजियाताई. तुमी आज फायनल झाल्यावर माही मुलाखत घेजा हं. काल तं घेतलीच नाई तुमी."

नाजिया गादीच्या काठावर बसली.

तुळसाबाई हसली. "काल नाई का घेतली वं? मी मोबाइलवर पाह्यली. साऱ्या गावानं पाह्यली."

"थे परवाची, आई."

"काल तू कोनासंग खेळली?" नाजियानं विचारलं. अगदी हळू, शिकवणीतल्या मुलाला विचारावं तसं.

"यवतमाळ..." वर्षाराणी थांबली. आईकडे पाहिलं, मग नाजियाकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचं काहीतरी निघून गेलं. "नाई. थे शुक्रवारची. कालची... थांबा ना. सांगते मी."

नाजिया थांबली. कार्यालयाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी बादली आपटली तशी वर्षाराणीनं कान दाबले.

मग तिनं नाजियाचं मनगट पकडलं. पकड चांगली घट्ट होती. "ताई, सरले सांगू नका. डॉक्टरले तं सांगूच नका. डोक्याचं निघालं का महिना-महिना बसवतेत. शिबिर गेलं मंग माहं."

"शिबिर पुढच्या वर्षी बी येते."

"तुमाले काय माईत? पुढच्या वर्षी माह्या लग्नाचं पाहून राह्यले घरी." ती उभी राहिली. एक हात भिंतीला टेकलेला. "मले काई झालं नाई. आयका तुमी. सर्वप्रथम मी स्पर्धेचे आयोजक, आमचे मार्गदर्शक जगदेव सर, गावचे सरपंच..." तिनं सगळी यादी म्हटली. एकही नाव चुकलं नाही, एकही शब्द अडला नाही.

तुळसाबाईचा जीव भांड्यात पडला. "पाहा बरं मॅडम. सारं आठवते तिले."

नाजियाला त्या दोघींकडे पाहवेना. तरी तिनं पाहिलं. "वर्षाराणी, मी तुले न सांगता काई करत नाई. म्हून आताच सांगते. मी डॉक्टरकडे चालली. तुले राग येईन, येऊ दे."

नऊ वाजता शेडमध्ये खेळाडूंची तपासणी सुरू झाली. नाजिया पुढे गेली तर टेबलाभोवती गर्दी, आणि ती आत शिरेपर्यंत वर्षाराणीची पाळी येऊन गेलीसुद्धा. डॉक्टर तिच्या कागदावर सही करत होते. नाव, गाव, वार, समोर धरलेली बोटं, सगळं तिनं बरोबर सांगितलं होतं. उलटीचं तिनं सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलं नव्हतं. जगदेव सर तिच्या पाठीशी उभे होते.

"डॉक्टर, एक मिनिट," नाजिया म्हणाली. "तिला आज सकाळी उलटी झालीय. काल दुपारनंतरचं तिला काही आठवत नाही."

सरांच्या कपाळावरची शीर दिसू लागली. "मॅडम, काल हासं केलं थे कमी पडलं का?"

डॉक्टर वयस्क होते, कामाच्या घाईत पण भला माणूस. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "मी आत्ताच विचारलं तिला. व्यवस्थित सांगते आहे. तो व्हिडिओ मीही पाहिला. कॅमेऱ्यासमोर होतं असं."

"तुम्ही तिला नाव, गाव आणि वार विचारला, डॉक्टर. ही उत्तरं तिला आधीपासून येतात. नाव-गाव तर जन्माचं आहे. वार आज सकाळपासून दहा जणांनी सांगितलाय, फायनलचा दिवस आहे." नाजियाचा आवाज नेहमीइतकाच होता, त्यामुळे बाजूच्यांना ऐकायला गप्प व्हावं लागलं. "तिला काल काय घडलं ते विचारा. जे कोणी पाठ करून घेतलेलं नाही असं काहीतरी."

तेवढ्यात हरीओम कॅमेरा खांद्यावर घेऊन गर्दीतून आत आला. त्याला वास लागतोच अशा गोष्टींचा. "हे लाइव्ह घेऊ. डॉक्टर, सर आन पोट्टी, तिघं एका फ्रेमात. नाजिया, तू इचार."

"कॅमेरा बंद कर, हरीओमभाऊ."

"अवं, सारा जिल्हा पाहीन."

"म्हूनच बंद कर."

हरीओमनं तिच्याकडे पाहिलं, मग वर्षाराणीकडे. ती पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे पाठ करून डोळे मिटून उभी होती. त्यानं कॅमेरा खाली घेतला आणि काचेवर झाकण बसवलं.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "बाळ, काल कोणाशी खेळलीस?"

"यवतमाळच्या..." वर्षाराणी म्हणाली आणि लगेच, "नाई. दुसरी होती."

"कोण होती? उंच की ठेंगणी?"

"उंच."

"लढत झाल्यावर कुठं गेलीस? कोणाशी बोललीस?"

तिनं मागे उभ्या सरांकडे पाहिलं.

"दुसऱ्या फेरीनंतर सर तुला काय म्हणाले?"

आणि मग जगदेव सरांच्या तोंडून सवयीनं, रोज गोदामात नाव अडलं की निघायचं तसं, हळूच निघून गेलं, "अमरा..." पुढचं अक्षर त्यांनी गिळलं.

सर वर्षाराणीकडे पाहत होते. ती त्यांच्या ओठांकडे पाहत होती, पुढचं अक्षर येण्याची वाट बघत.

"डॉक्टर," सर म्हणाले. "दुसऱ्या राउंडनंतर मी तिले म्हटलं, पोट सोडू नको. थे तिनं बरोबर केलं. म्हून मले वाटलं..." त्यांनी वाक्य अर्धंच टाकलं. वर्षाराणीच्या खांद्यावर लटकलेले ग्लोव्हज त्यांनी आपल्या हातानं काढून घेतले. "संध्याकायी मी तिले पॅडवर ठोसे बी मारायले लावले. वीस मिनिटं."

डॉक्टरांनी आपल्याच सहीवर आडवी रेघ मारली. "हे मी विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले. मग चिठ्ठी लिहिली. आजच्या आज वाशीमला नेऊन डोक्याचं सीटी स्कॅन, आणि पुढचं सांगेपर्यंत ग्लोव्हज बंद.

वर्षाराणी रडली नाही. ती नाजियासमोर आली आणि म्हणाली, "काल अमरावतीवालीनं नाई हरवलं मले. तुमी हरवलं."

"हो," नाजिया म्हणाली. हे खोटं नव्हतं.

सरांनी जीप ठरवली. तुळसाबाई मागे बसली, मुलीला कुशीत घेतलं आणि नाजियाला म्हणाली, "मॅडम, तुमी चाला सोबत. तिथल्या डॉक्टरचं बोलणं मले समजत नाई." वर्षाराणीनं तोंड फिरवलं, पण नको म्हणाली नाही.

हरीओम जीपच्या दाराशी आला. "फायनल आता होत नाई. चंद्रपूरची पोट्टी न खेळताच जिंकली. तिची मुलाखत कोण घेईन?"

"तू घे." नाजियानं पर्समधून माइक काढून त्याच्या हातात दिला.

"मी काय इचारू? लढतच झाली नाई."

"तिनं वर्षाराणीसाठी कालपासून तयारी केली असन. तिले इचार, आज काय करायचं ठरवलं होतं. आन मंग थांबजो. मधात बोलू नको."

हरीओमनं मान हलवली. जीप निघाली तेव्हा तो माइक उलटसुलट करत, ओठांतल्या ओठांत तो प्रश्न म्हणून पाहत होता.

जीपनं मंगरूळपीर मागे टाकलं. पुढे ड्रायव्हरशेजारी सर, मांडीवर ग्लोव्हज घेऊन. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन काढून रिकामी झालेली वावरं होती. तुळसाबाईनं पदर धरून मुलीच्या डोळ्यांवर सावली केली होती.

"ताई," वर्षाराणी पदराखालून म्हणाली. "तुमच्याजवळ थे लढत हाये म्हणे."

"हाये. पर आज मोबाइलवर पाहू नको. डोळ्याले त्रास होईन."

"पाहत नाई. सांगा तुमी. मी कशी खेळली?"

नाजिया तिच्याकडे वळून बसली. पुढे सरांनी खिडकीची काच वर केली, वारा थांबावा म्हणून. "पहिल्या फेरीत तू तिले जवळ येऊ दिलं नाई. डावा हात बारा वेळा गेला, सात वेळा लागला. थे तुह्यापेक्षा बुटकी होती."

"बुटकी?"

"चार बोटं. पर लय चिवट. दुसऱ्या फेरीत तिनं तुले दोराले नेलं."

"कोणत्या अंगानं आली?"

"तुह्या डाव्या."

वर्षाराणीनं विचारलं, "मले मारलं तवा माहा डावा हात कुठं होता?"

"खाली होता."

"किती खाली?"

नाजियानं आपला हात आपल्या बरगड्यांपाशी धरून दाखवला. वर्षाराणीनं पदर बाजूला करून, डोळे बारीक करून ते नीट पाहिलं. मग मांडीवरचा आपला डावा हात उचलला, गालापर्यंत नेला आणि तिथं धरून ठेवला.

"अथी पायजे होता," ती म्हणाली.

पुढच्या सीटवरून सर न वळता बोलले, "आनखी दोन बोटं वर."

तिनं हात दोन बोटं वर घेतला. जीप खड्ड्यातून गेली तरी तो हलला नाही.

"अमरावतीवालीचं नाव काय होतं, ताई?"

नाजियानं सांगितलं. वर्षाराणीनं ते दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा अडली, आणि पुन्हा विचारलं. नाजियानं पुन्हा सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "आता तिसऱ्या राउंडचं सांगा. सावकाश सांगा."